ओटा चार फुटांचा, माणसं सहा: एअर फ्रायर घ्यायचा की नाही?

एअर फ्रायरच्या नावात 'फ्रायर' आहे, म्हणून तो तळतो असं आपण धरून चालतो. तो तळत नाही. वर गोल कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली भोकांची जाळी असलेली टोपली, एवढीच ती रचना. गरम वारा पदार्थाभोवती फिरवणारी ही छोटी भट्टी आहे. पुढचं सगळं गणित यावरूनच सुटतं: काय जमेल, काय फसेल, किती माणसांना पुरेल. दुकानात मात्र चर्चा तेल किती वाचेल याची होते, आणि सोलापुरातल्या भरलेल्या स्वयंपाकघरात तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न आहे जागेचा, दुसरा टोपलीच्या तळाचा.

आधी आठवडाभर वही ठेवा

कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलं तरी चालेल. रोज तीन गोष्टी टिपायच्या: काय तळलं, किती जणांसाठी, आणि काय भाजलं किंवा पुन्हा गरम केलं. तेलाचाही हिशेब धरा. कढईत ओतताना मापाने ओता, तळण झाल्यावर गार तेल गाळून पुन्हा मापा. जे कमी भरलं ते खरं तळणाचं तेल. फोडणीचं, भाजीचं, चटणीवर घ्यायचं तेल यात मिसळू नका, कारण ते एअर फ्रायर आला तरी लागणारच.

समजा महिन्याला एक लिटर तेल खरोखर तळणात जातं. लिटरला दीडशे रुपये धरले आणि यंत्र सहा हजारांचं धरलं, तर नुसत्या तेलात पैसे वसूल व्हायला चाळीस महिने लागतात, तेही विजेचा खर्च न धरता. म्हणजे 'तेलाचे पैसे वाचतील' हे कारण फारसं टिकत नाही. पोटात तेल कमी जावं म्हणून घेत असाल तर ते कारण रास्त आहे. पण वहीत आठवड्याला दोनदा भजी आणि एकदा पुऱ्या दिसत असतील तर इथेच थांबा. हे दोन्ही पदार्थ त्यात होत नाहीत.

वहीत भाजलेले शेंगदाणे, वांगी, पापड, चिकन, उरलेले सामोसे किंवा कचोरी, मुलांचे बटाट्याचे फिंगर चिप्स असं वारंवार येत असेल, तर पुढे वाचायला अर्थ आहे.

वर्तमानपत्राचा एअर फ्रायर

चार लिटरच्या साधारण यंत्राची बैठक 27 ते 30 सेंटिमीटर रुंद आणि 35 ते 38 खोल असते, उंची तीस-बत्तीस. पण जागा तेवढीच लागते असं नाही. गरम वारा बाहेर टाकायची खिडकी बहुतेक यंत्रांत मागे असते, तिथे भिंतीपासून 10 ते 15 सेंटिमीटर मोकळं हवं. टोपली ड्रॉवरसारखी पुढे ओढायची असते, म्हणून पुढेही फूटभर रिकामं हवं. शिवाय ती गरम टोपली टेकवायला ओट्यावर ताटाएवढी जागा. नवखे लोक ही शेवटची जागा हमखास विसरतात आणि पहिल्याच दिवशी 200 अंशांची टोपली हातात धरून कुठे ठेवू म्हणत उभे राहतात.

वर्तमानपत्र 30 बाय 50 सेंटिमीटर कापा. चिकटपट्टीने ओट्यावर लावा आणि चार दिवस त्यावर काहीही ठेवू नका. परात नाही, कुकर नाही, भाकरीची दुरडी नाही. चौथ्या दिवशी कागद कोरडा आणि मोकळा असेल तर जागा आहे. त्यावर पिठाचे हात उमटले असतील, कणकेचा डबा येऊन बसला असेल, तर जागा नाही, फक्त इच्छा आहे.

जागा शोधताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. कुणी शेगडीवरच ठेवतं, 'गॅस बंद असतो ना तेव्हा' म्हणत. बर्नरचं बटण चुकून फिरलं की खालचं प्लॅस्टिक वितळतं, आग लागू शकते. हे अजिबात करायचं नाही. कुणी फ्रिजच्या डोक्यावर ठेवतं, मग मागचा गरम वारा फ्रिजवर बसतो आणि टोपली छातीच्या वर उंचीवरून ओढावी लागते. कुणी फळीखाली कोंबतं, आणि महिन्याभरात फळीचा सनमायका फुगतो. मागच्या बाजूला दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग, तेलाचा कॅन नको. ग्रॅनाइट किंवा शहाबादी फरशीचा ओटा चालतो. लाकडी टेबल असेल तर खाली जाड फरशीचा तुकडा घाला.

आणि माळ्यावर ठेवू, लागेल तेव्हा काढू, असा विचार असेल तर घेऊ नका. चार-पाच किलोचं धूड स्टुलावर चढून उतरवायचं आणि वीस मिनिटांच्या कामानंतर परत चढवायचं, हे दोनदा होतं. तिसऱ्यांदा ते तिथेच राहतं, शेजारी जुनं सँडविच मेकर असतंच.

प्लगचा प्रश्न

चार लिटरच्या यंत्रावर साधारण 1400 ते 1500 वॅट लिहिलेलं असतं. 1500 वॅट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपिअर. मिक्सरचा छोटा थ्री पिन पॉइंट सहा अँपिअरचा असतो. म्हणजे यंत्राला मोठा, 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. यंत्राची पिन जाड असेल तर ती छोट्या पॉइंटमध्ये जातच नाही, आणि मग लोक कन्व्हर्टर लावतात. तो कन्व्हर्टर हीच आजाराची सुरुवात. पॉइंट गरम होतो, बटण काळं पडतं, एक दिवस जळका वास येतो. एक्स्टेन्शन बोर्डचीही तीच गत, कारण साध्या बोर्डाची वायर बारीक असते.

सोलापूरच्या पूर्व भागातली जुनी घरं, चाळी, वाड्यांचे भाग पाडून केलेल्या खोल्या, इथे स्वयंपाकघरात बऱ्याचदा मोठा पॉइंट नसतोच, किंवा एकच असतो आणि त्यावर फ्रिज बसलेला असतो. नवीन पॉइंट काढायचा तर वायरमनला एवढंच स्पष्ट सांगा: मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र वायर, कमीत कमी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग तपासून. 'आहे त्याच बोर्डातून काढून देतो' म्हणाला तर नको म्हणा. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच निर्णय घ्या. यंत्र आणि गीझर किंवा इस्त्री एकाच वेळी चालू ठेवू नका.

व्होल्टेजचाही एक गुण कळून ठेवावा. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की काही भागांत दाब उतरतो. 230 चे 200 व्होल्ट झाले तर कॉइलची ताकद 1500 वरून साडेअकराशे वॅटच्या आसपास येते, म्हणजे पाव ताकद गेली. पुस्तिकेत 15 मिनिटं लिहिलेली असतात आणि तुमचा पदार्थ वीस मिनिटांनीही पांढराच दिसतो, त्याचं कारण अनेकदा हे. दुपारी करून बघा. दुपारी नीट होत असेल तर यंत्रात दोष नाही. घरगुती इन्व्हर्टरवर हा चालवायचा विचारही नको.

विजेचं बिल म्हणाल तर 1500 वॅट सलग वीस मिनिटं म्हणजे अर्धं युनिट. प्रत्यक्षात तापमान गाठल्यावर कॉइल बंद-चालू होत राहते, त्यामुळे त्याहून कमीच. युनिटला दहा रुपये धरले तरी एका खेपेला पाच रुपयांच्या आत. यात घाबरण्यासारखं काही नाही.

लिटर विसरा, तळ मोजा

खोक्यावर 4.2 लिटर, 5 लिटर असं मोठ्या अक्षरात असतं. पण यात पदार्थ एकावर एक रचून होत नाही; वारा फिरायला एकच थर हवा. म्हणून दुकानात टेप घेऊन जा आणि टोपलीचा आतला तळ मोजा. चार लिटरमध्ये तो साधारण 20 बाय 20 सेंटिमीटर भरतो.

आता साबुदाणा वडा घ्या, सहा सेंटिमीटरचा. 20 च्या तळात तीन ओळी, ओळीत तीन, एकूण नऊ. घरात सहा माणसं, दोन-दोन म्हटलं तर बारा. म्हणजे दोन खेपा, प्रत्येक अठरा ते वीस मिनिटांची. चाळीस मिनिटं. तेच कढईत एका घाण्यात सहा वडे पाच-सहा मिनिटांत निघतात, पंधरा मिनिटांत काम उरकतं. उपासाच्या दिवशी सासूबाई आणि मुलं ताटावर बसलेली असताना हा फरक फार मोठा असतो. दोघा-तिघांच्या घरात तेच यंत्र गुणाचं वाटतं.

भाकरीही बसत नाही, हे आधीच सांगतो. आपली कडक भाकरी 20 सेंटिमीटरपेक्षा मोठीच असते. तुकडे करूनच घालावी लागते.

सहा माणसांसाठी घ्यायचाच असेल तर तळ किमान 24 बाय 24 हवा. म्हणजे मोठं यंत्र, जास्त वॅट, आणि पुन्हा वर्तमानपत्र कापण्यापासून सुरुवात.

काय चांगलं होतं: शेंगदाण्यापासून सुरू करा

सोलापुरात या यंत्राची खरी परीक्षा शेंगदाण्यावर घ्यावी. चटणीला दाणे मंद आणि आतपर्यंत भाजलेले लागतात. बाहेरून काळे, आतून कच्चे राहिले तर कुटताना तेल सुटत नाही आणि चटणी कडसर होते. कढईत अर्धा किलो दाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं सतत हलवावे लागतात. इथे ते उभं राहणं वाचतं.

20 बाय 20 च्या टोपलीत एका थरात 200 ते 250 ग्रॅम दाणे बसतात. 150 अंशांवर पाच मिनिटं ठेवा, टोपली बाहेर ओढून हलवा. पुन्हा चार मिनिटं, पुन्हा हलवा. मग दोन-तीन मिनिटं, पण आता लक्ष ठेवून. एक दाणा काढा, दोन फाका करा. आतला रंग फिकट बिस्किटासारखा झाला की लगेच स्टीलच्या ताटात पसरा. टोपलीत ठेवू नका, दाणे आतल्या उष्णतेने पुढेही भाजत राहतात. तुम्हाला हवा असलेला रंग दिसेपर्यंत थांबलात तर गार होईपर्यंत ते एक छटा पुढे गेलेले असतील.

फसतं ते सालांमुळे. साठवणीच्या दाण्याची सालं सैल असतात, पंख्याच्या वाऱ्याने ती उडून वर कॉइलला चिकटतात आणि जळतात. पुढच्या वेळी चिकन ठेवलं तरी शेंगाच्या सालीचा करपट वास येतो, आणि दोष मसाल्याला दिला जातो. म्हणून दाणे आधी सुपात पाखडून घ्या, अखंड सालीचेच टोपलीत घाला, आणि सालं काढायचं काम बाहेर, गार झाल्यावर. महिन्यातून एकदा, यंत्र पूर्ण गार आणि प्लग काढलेला असताना, टॉर्चने वर कॉइलकडे बघा. काही अडकलं असेल तर मऊ ब्रशने झटका.

पावसाळ्यात कडक भाकरी नरमते. तुकडे करून 120 अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते. तुकडे हलके असतात, उडतात, म्हणून वर स्टीलची छोटी जाळी उपडी ठेवा. पापडालाही तीच युक्ती: ब्रशने तेलाचा हात फिरवून 180 अंशांवर दीड-दोन मिनिटं, वर जाळी. जाळीशिवाय ठेवलेला पापड थेट कॉइलला जाऊन भिडतो. अर्थात दोन पापडांसाठी यंत्र तापवण्यापेक्षा गॅसवर भाजणं कधीही सोपं.

भेंडी: पाव किलो, पुसून कोरडी, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे, एक चमचा तेल आणि त्यातच मीठ-तिखट कालवलेलं, 180 अंशांवर 12 ते 14 मिनिटं. कोरडं तिखट वरून भुरभुरलं तर पंखा ते उडवतो, भेंडी आळणी आणि डोळ्यांना ठसका. मसाला नेहमी तेलात किंवा दह्यात कालवूनच.

बटाट्याचे चिप्स 400 ग्रॅमपेक्षा जास्त एका वेळी नकोत. सेंटिमीटरभर जाड कापा, अर्धा तास गार पाण्यात, मग फडक्याने कोरडे. ओले राहिले तर ते आधी वाफवतात आणि मग चिवट होतात. एक मोठा चमचा तेल लावून 160 वर दहा मिनिटं, मग 190 वर आठ-दहा, मध्ये दोनदा हलवून.

चिकनचे तुकडे दह्या-मसाल्यात मुरवून 190 अंशांवर 18 ते 20 मिनिटं, अर्ध्यात उलटून. हाडाजवळ चिरा देऊन बघा, गुलाबी रस निघता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर 75 अंश. चरबी खालच्या भांड्यात पडून धूर येत असेल तर तिथे दोन चमचे पाणी आधीच घालून ठेवा.

जे होत नाही

भजी, बटाटेवडा, मिरची भजी, म्हणजे पातळ बेसनात बुडवलेलं काहीही. तेलात पडल्या क्षणी पीठ चारी बाजूंनी धरतं. गरम वाऱ्यात ते धरायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर ते गळून जाळीच्या भोकांत उतरलेलं असतं. मग वडा उचलताना अर्धा हातात, अर्धा टोपलीत. पुरी फुगत नाही, कुरडई फुलत नाही, चकली दातांची परीक्षा घेते. शंकरपाळी 160 वर बारा-पंधरा मिनिटांत होते, पण ती बिस्किटाच्या जातीची. तळलेली म्हणून पाहुण्यांपुढे ठेवलीत तर विचारणा होईल.

घरात आधीच काही आहे का?

मायक्रोवेव्ह असेल तर त्याच्या बटणांत 'कन्व्हेक्शन' लिहिलंय का बघा. असेल तर त्यातही कॉइल आणि पंखा आहे. थोडा हळू चालेल, पण बरीचशी कामं तेवढ्यातच होतात, नवीन जागा न खाता. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, असेल आणि त्यात पंख्याचं बटण असेल तरी तेच. आणि साबुदाणा वड्यासाठीच सगळा खटाटोप असेल तर बिडाचं आप्पेपात्र घ्या. प्रत्येक खळग्यात पाव चमचा तेल, झाकण, उलटून पुन्हा तीन-चार मिनिटं. कुरकुरीत होतात, गॅसवर होतात, आणि पात्र भिंतीला खिळ्यावर टांगता येतं. चार फुटांच्या ओट्याला यासारखं दुसरं उत्तर नाही.

घेताना

चौकशी करताना दोन प्रश्न आधी विचारा: सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे का, आणि टोपली सुटी विकत मिळते का. सेंटर पुण्याचं निघालं तर पंखा बिघडल्यावर अडीचशे किलोमीटर खोकं पाठवत बसाल. टोपलीचा नॉनस्टिक थर दोन-तीन वर्षांत निघू लागतो आणि तेव्हा बाकी यंत्र धडधाकट असतं. टोपली तारेच्या घासणीने घासायची नाही. गरम पाणी आणि साबण घालून दहा मिनिटं भिजत ठेवा, मग मऊ स्पंजने. त्याला दोन-तीन लिटर पाणी जातं. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे हेही मोजा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, ते लिंबाच्या फोडीने जातात. घरात पिंजऱ्यात पक्षी असेल तर नॉनस्टिकची कुठलीही वस्तू तापवताना पिंजरा लांब दुसऱ्या खोलीत हलवा. जास्त तापलेल्या थराचा धूर पक्ष्यांच्या जिवावर बेततो.

यंत्राचा पंखा बारीक एक्झॉस्टएवढा घोंघावतो. एका खोलीच्या घरात मुलं अभ्यासाला बसतात त्या वेळी हे जाणवतं. दुकानात चालू करून ऐका, लाजू नका.

घरी आल्यावर टोपलीखालचा पुठ्ठा, थर्माकोल आणि स्टिकर काढले ना, ते दोनदा तपासा. टोपली धुवून पुसा, खिडकी उघडा, आणि रिकामं यंत्र 200 अंशांवर पंधरा मिनिटं चालवा. प्लॅस्टिकचा वास येईल. पहिल्या-दुसऱ्या वेळेनंतर तो जायला हवा. कागदी लाइनर वापरत असाल तर पदार्थाशिवाय आत ठेवून तापवू नका, तो उडून कॉइलला लागतो आणि पेटतो.

परत करायची मुदत किती दिवसांची ते पावतीवर लिहून घ्या आणि त्या दिवसांत तीन गोष्टी करून बघा: पाव किलो शेंगदाणे, एकदा चिप्स, एकदा भेंडी. दाणे एका बाजूला करपट आणि दुसऱ्या बाजूला कच्चे निघत असतील, तर हलवूनही फरक पडतो का ते पाहा. पडत नसेल तर वारा सारखा फिरत नाही, यंत्र बदलून घ्या. प्लगला दहा मिनिटांनी हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर वायरमनला बोलवा. परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं थर्माकोलसकट पलंगाखाली राहू द्या.